जुन्या लिनक्स लॅपटॉपला बाहेरची सीडी ड्राइव्ह चालेना, मदत हवी

कातळसडा | शनिवार, रात्री ९.४०

मंडळी, नमस्कार. एरवी मी वाचनमात्र. आज नाइलाजाने धागा काढतोय. विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

लॅपटॉप २०११ चा. ४ जीबी रॅम. बॅटरी कधीच वारली, चार्जरची वायर हलली तरी बंद पडतो. पण लिनक्स मिंट टाकल्यापासून ३ वर्षं बिनतक्रार चाललाय. कलमांचा हिशोब, वीजबिल, मुलीचा अभ्यास, सगळं त्यावरच. आतली सीडी ड्राइव्ह मात्र मेली. घर देवगडात खाडीला लागून आहे. इथे खाऱ्या हवेत दाराच्या बिजागऱ्या टिकत नाहीत, तिथे त्या ड्राइव्हचं काय घेऊन बसलात.

आता मूळ प्रकरण. माळा साफ करताना पत्र्याच्या ट्रंकेत १४ सीड्या निघाल्या. त्यातल्या ४ व्हीसीडी (व्हिडिओ सीडी) आमच्या गावच्या जत्रेच्या आहेत, २००५ सालच्या. रात्रभराचं दहीकाल्याचं, म्हणजे दशावतारी नाटक आहे, भाग १ ते ४. त्या रात्री नाटक कंपनीतला राजा ऐनवेळी तापाने पडला आणि माझ्या बाबांनी राजपार्ट उभा केला. गावात अजून लोक ती गोष्ट सांगतात. बाबा आता ७८ वर्षांचे आहेत आणि त्यांनी स्वतःला त्या वेषात कधी पाहिलेलंच नाही. व्हीसीडी आली तेव्हा घरात प्लेअर नव्हता, प्लेअर आला तेव्हा सीड्या सापडेनात. यंदाच्या जत्रेआधी त्यांना दाखवायचंय.

बाहेरची यूएसबी ड्राइव्ह मागवली. चपटी, हलकी, वेगळा अडॅप्टर नाही. लावली की दिवा लागतो. सीडी घातली की टक टक घर्र करते आणि ५-६ सेकंदांत गप्प. स्क्रीनवर काही येत नाही. भाच्याच्या विंडोज लॅपटॉपवर हीच ड्राइव्ह व्यवस्थित चालते. मग घोडं अडलंय कुठे?

सेकंडक्लासपास | शनिवार, रात्री १०.०५

उत्तर तुम्हीच दिलंय. विंडोज टाका, विषय संपवा. (हलके घ्या.)

बांगडो | शनिवार, रात्री १०.११

चार जीबीत विंडोज टाकून मगे तो लॅपटॉप खळ्यात काजी सुकवूक वापरूचो काय? काका येयत, थांब जरा.

टर्मिनलकाका | शनिवार, रात्री ११.३०

आलो. जेवायचं तरी द्या रे.

कातळसडा, आधी निदान, मग औषध. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून 'सुडो डीमेसेज' आज्ञा 'डब्ल्यू' स्विच लावून चालू ठेव. म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) जे जे पुटपुटतो ते तिथल्या तिथे दिसत राहील. मग ड्राइव्ह लाव, १० सेकंद थांब, मग सीडी घाल. काय काय ओळी आल्या ते जसंच्या तसं इथे लिही. 'काहीतरी एरर आली' असं लिहिलंस तर उत्तर मिळणार नाही.

कातळसडा | रविवार, सकाळी ७.१५

केलं काका. ड्राइव्ह लावल्यावर 'न्यू हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस', मग 'यूएसबी-स्टोरेज', मग ड्राइव्हचं नाव. इथवर सगळं गोड. सीडी घातली की ३ सेकंदांत 'यूएसबी डिसकनेक्ट'. परत 'न्यू हाय-स्पीड' आणि मग ही ओळ ४ वेळा: 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड/६४, एरर -११०'.

टर्मिनलकाका | रविवार, सकाळी ८.४०

झालं निदान. -११० म्हणजे टाइमआउट. कर्नल हाका मारतोय, पलीकडून ओ येत नाही. रिकामी असताना ड्राइव्ह नीट ओळखली जाते, म्हणजे ड्रायव्हरचा प्रश्नच नाही. मोटर फिरायला लागली की ती बेशुद्ध पडते. तुझ्या ड्राइव्हला वीज पुरत नाही. खारावारा, पुढचं तुमचं खातं.

खारावारा | रविवार, दुपारी १.२०

मालवणात मोबाइल-लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान चालवतो, अशा ड्राइव्हा महिन्याला एखादी तरी येतेच.

यूएसबी २ च्या पोर्टमधून नियमाने ५ व्होल्टला ५०० मिलीअँपिअर मिळतात. यूएसबी ३ ला ९००. या चपट्या ड्राइव्हना चकती फिरवायला सुरुवात करतानाच्या त्या एका झटक्याला १ अँपिअरच्या आसपास, कधी त्याहून जास्त लागतं. भाच्याच्या लॅपटॉपचा पोर्ट आतून निळा आहे का बघा. निळा असेल तर तो बहुतेक यूएसबी ३ आहे, म्हणून तिथे भागतं. तुमच्या २०११ च्या लॅपटॉपला सगळे काळेच असणार. त्यात विंडोज-लिनक्स हा भेद नाही, पोर्टचा आहे.

उपाय म्हणजे दोन तोंडांची वाय केबल, किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब. मी हबच सांगेन. साधा हब नको हां, तो लॅपटॉपचीच वीज चार जणांत वाटतो, आगीतून फुफाट्यात. आणि मध्ये लांब, बारीक एक्स्टेंशन वायर लावू नका, तिच्यातच व्होल्टेज पडतं.

अजून एक. तुम्ही खाडीला लागून राहता म्हणालात. पोर्टच्या आतल्या पट्ट्यांवर हिरवट थर बसला असेल. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बारीक ब्रश बुडवून पट्ट्या घासा आणि अर्धा तास वाळू द्या. आमच्याकडे किनाऱ्यावरून येणाऱ्या लॅपटॉपांचे निम्मे 'यूएसबी गेला' एवढ्यावरच बरे होतात. (हे मी दुकानात सांगत नाही.)

सेकंडक्लासपास | रविवार, दुपारी २.००

ओटीजी केबलने ड्राइव्ह मोबाइलला लावून बघा की.

खारावारा | रविवार, दुपारी २.०९

अँड्रॉइड मुळात सीडी ड्राइव्हला ओळख देत नाही, खास ॲप लागतं. आणि मोबाइलच्या पोर्टमधून तेवढी वीज मिळण्याची खात्री नाही. झोपा आता, रविवार आहे.

कातळसडा | मंगळवार, रात्री ९.५०

उशीर झाला, कारण अडॅप्टरवाला हब देवगडात मिळाला नाही. भाऊ कणकवलीला गेला होता, तो घेऊन आला. पोर्ट घासले. ब्रश हिरवा झाला, अगदी शेवाळासारखा. खारावारा, तुमच्या तोंडात साखर पडो.

आता सीडी घातली तरी ड्राइव्ह पडत नाही, आवाजही एकसुरी येतो. पण आनंद अर्धाच. व्हीएलसी प्लेअरमध्ये 'ओपन डिस्क' केलं की डिस्क उघडता येत नाही म्हणतो. डीमेसेजमध्ये लाल काही नाही. आता काय?

बांगडो | मंगळवार, रात्री १०.०२

आतली ड्राइव्ह मेली म्हणतंस, पण ती काढलंस काय? नाय मा? मगे नाव अजून तिचाच असा. एसआर० ती मेलेली, तुझी नवी एसआर१. व्हीएलसी बिचारो एसआर० च्या दारात उभो रवान हाका मारता. माझ्याय लॅपटॉपार असाच झाला होता, दोन दिवस ड्राइव्हीक शिव्या घालत होतंय.

टर्मिनलकाका | मंगळवार, रात्री १०.२५

बांगडो, शंभर टक्के. माझ्या लक्षात यायला हवं होतं.

'एलएसबीएलके' ही ड्राइव्हांची यादी दाखवणारी आज्ञा चालव. त्यात 'रॉम' प्रकारच्या दोन ओळी दिसतील. जिथे आकार खऱ्या सीडीएवढा, म्हणजे ७०० एमबीच्या आत दिसतो, ती तुझी. व्हीएलसीच्या 'ओपन डिस्क' खिडकीत खाली डिव्हाइसची चौकट असते, तिथे एसआर० च्या जागी एसआर१ कर. '/डेव्ह/सीडीरॉम' हा शॉर्टकटसुद्धा बहुधा जुन्या ड्राइव्हकडेच बोट दाखवत असेल, त्यावर विसंबू नकोस.

कायमचा उपाय म्हणजे मेलेली ड्राइव्ह काढून टाकणं. बऱ्याच लॅपटॉपांत खालून एक स्क्रू सोडवला की ती बाजूने सरकून बाहेर येते. फक्त पुढची प्लॅस्टिकची पट्टी काढून परत बसव. नाहीतर त्या भोकातून मुंग्या आत संसार थाटतील, कोकणात राहतोस तू.

कातळसडा | बुधवार, रात्री ८.३०

बांगडो, देवगडात आलास की सोलकढी माझ्याकडे. अगदी तसंच होतं. जुनी ड्राइव्ह काढली, पट्टी परत बसवली. रिबूट केल्यावर बाहेरची ड्राइव्हच एसआर० झाली.

दोन सीड्यांत बहिणीच्या लग्नाचे फोटो, २००७ चे, सगळे उघडले. एकीत दादाच्या छपाईच्या धंद्यातल्या पत्रिका आहेत, पण त्या जुन्या फाँटातल्या, आता नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात. तो वेगळा धागा होईल.

डबलबारी भजनांच्या ३ सीड्या मात्र हट्टाला पेटल्यात. माउंट करायला (फाइली दिसाव्यात म्हणून जोडायला) गेलो की 'राँग एफएस टाइप'. शिवाय दहा मिनिटं काही केलं नाही की ड्राइव्ह गायब होते, काढून परत लावावी लागते.

सुपारीबाग | बुधवार, रात्री ९.१२

गुहागरहून. ऑडिओ सीडी माउंट होत नसते हो दादा, तिच्यात फाइल नावाचा प्रकारच नसतो. सेकंदाला ४४,१०० नमुने या हिशोबाने सरळ आवाजाचे आकडे एका लांब वेटोळ्यात लिहिलेले असतात आणि गाणं कुठे सुरू होतं त्याची एक अनुक्रमणिका सुरुवातीला असते. फाइल सिस्टिमच (फाइली मांडायची पद्धत, तुमच्या एररमधलं 'एफएस') नाही तर माउंट काय होणार? ती एरर म्हणजे सीडी खराब असं समजू नका.

ऐकायचं असेल तर व्हीएलसीत 'ऑडिओ सीडी' निवडा. उतरवून ठेवायचं असेल तर साउंड ज्युसर सोपं आहे. सीडी जुनी, चरे पडलेली असेल तर टर्मिनलवर सीडीपॅरानोइया. ते एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाचून ताडून बघतं, म्हणून वेळ लागतो, पण भजनात मध्येच टिचक्या येत नाहीत. एमपी३ करू नका, फ्लॅक करा, त्यात आवाजातलं काही गळत नाही. कमी करायचं ते नंतर कधीही करता येतं, वाढवता येत नाही.

टर्मिनलकाका | बुधवार, रात्री ९.३०

सुपारीबाग ताईंशी सहमत. ड्राइव्ह गायब होण्याचं कारण टीएलपी हा वीज वाचवणारा प्रोग्राम असावा. बॅटरी वाचवायला तो काम नसलेल्या यूएसबीला झोपवतो. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'यूएसबी ऑटोसस्पेंड' शून्य कर. तुझी बॅटरीच वारलीय, वाचवायचंय काय?

सेकंडक्लासपास | बुधवार, रात्री ९.४१

डबलबारी म्हणजे काय असतं? आमच्या रत्नागिरीकडे शक्ती-तुरा.

बांगडो | बुधवार, रात्री ९.४४

दोन बुवा, दोन पखवाज आणि एकमेकांची उणीदुणी, रात्रभर. तुझ्या शक्ती-तुऱ्यात नाच तेवढो जास्त.

(यापुढचे ११ प्रतिसाद शक्ती-तुरा आणि डबलबारीत श्रेष्ठ कोण यावर होते. धाग्याचं काश्मीर होऊ नये, म्हणजे मूळ विषय वादात बुडू नये, म्हणून वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. संपादक.)

कातळसडा | शुक्रवार, रात्री १०.१५

भजनं उतरली. टीएलपीचं केलं, ड्राइव्ह आता जागची हलत नाही.

आता मुख्य काम. जत्रेची व्हीसीडी भाग १ घातली. उघडली! आत 'एमपीईजीएव्ही' फोल्डर, त्यात 'एव्हीसेक०१' नावाची ६०० एमबीच्या वरची डॅट फाइल. कॉपी करायला घेतली तर लगेच 'इनपुट/आउटपुट एरर'. भाग २ आणि ४ चं तेच. एकाच वेळी तिन्ही खराब कशा असतील? आणि भाग ३ वर तर पांढरे ठिपके आहेत, तो घालायची हिंमत होत नाही.

टर्मिनलकाका | शुक्रवार, रात्री ११.०५

खराब नाहीत. व्हीसीडीची ही जुनी खोड आहे, समजून घे.

साध्या डेटा सीडीवर दर सेक्टरला (सीडीवरच्या एका कप्प्याला) २०४८ बाइट माहिती असते, बाकीची जागा चुका दुरुस्त करणाऱ्या कोडला जाते. व्हीसीडीच्या व्हिडिओ भागात तो कोड वगळून सेक्टरला २३२४ बाइट भरलेले असतात. चित्रात एखादा ठिपका चुकला तर चालतं, हिशोबाच्या फाइलीत चालत नाही, असा त्यामागचा विचार. फाइल सिस्टिमला ते सेक्टर २०४८ वाले वाटतात, ती तसं मागते, ड्राइव्ह नाही म्हणते, तुला एरर दिसते. विंडोज तेच सेक्टर कच्चे वाचून डॅट फाइलचं सोंग देतं, म्हणून तिथे नुसतं कॉपी-पेस्ट चालतं.

बघायचंच असेल तर व्हीएलसीत 'ओपन डिस्क'मध्ये एसव्हीसीडी/व्हीसीडी निवड. उतरवायचं असेल तर 'व्हीसीडीइमेजर' पॅकेज टाक, त्यात 'व्हीसीडीएक्सरिप' आहे. त्याला सीडीरॉम डिव्हाइस म्हणून एसआर० दे. 'एव्हीसेक०१' नावाची एमपीजी फाइल पदरात पडेल. चित्राची गुणवत्ता कमी होत नाही, जशी आहे तशी बाहेर येते. जशी आहे म्हणजे ३५२ बाय २८८, मोठ्या टीव्हीवर फार आशा ठेवू नकोस.

सेकंडक्लासपास | शुक्रवार, रात्री ११.२०

भाग ३ ला टूथपेस्ट लावा, आमच्याकडे सगळे लावायचे.

सुपारीबाग | शनिवार, सकाळी ६.५०

अजिबात नको! टूथपेस्ट म्हणजे बारीक पॉलिश पेपर. खालच्या बाजूच्या चऱ्यावर कधी लागू पडते, पण दादांचे ते ठिपके म्हणजे बुरशी. आमच्या गावच्या वाचनालयातल्या सीड्यांवर दर पावसाळ्यानंतर येते. २००१ साली बेलीझमधून आणलेल्या एका सीडीवर बुरशीने प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचा थर दोन्ही खाल्लेले स्पेनच्या शास्त्रज्ञांना आढळले होते. तेव्हा हसण्यावारी नेऊ नका.

आधी उजेडासमोर धरून बघा. चकतीतून आरपार भोकं दिसली तर तेवढा डेटा गेलाच, कारण सीडीचा चकचकीत थर वर, लेबलच्या लगेच खाली असतो. म्हणूनच लेबलच्या बाजूचा चरा जास्त घातक, खालचं जाड प्लास्टिक नुसतं काच असल्यासारखं आहे. भोकं नसतील तर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका, कापूस बुडवा आणि मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल गोल पुसू नका. गोल चरा पडला की तो डेटाच्या दिशेने जातो आणि लांबलचक तुकडा खातो. आडवा चरा ड्राइव्ह पचवते. मग सावलीत वाळवा.

आणि हात घालण्याआधी बाकीच्या १३ उतरवून घ्या.

टर्मिनलकाका | शनिवार, सकाळी ९.००

ताईंना दंडवत. भर एवढीच: भाग ३ साठी 'इजेक्ट' आज्ञेला 'एक्स' स्विच देऊन वेग ४ कर, मग वाच. काही ड्राइव्ह ऐकत नाहीत, पण करून बघायला काय जातं. डीडीरेस्क्यू (खराब चकतीवरचा डेटा वाचवणारा प्रोग्राम) डेटा सीडीला उत्तम, व्हीसीडीला निरुपयोगी, कारण तेही २०४८ चं गणित करतं. व्हीसीडीएक्सरिप अडकलं तर 'सीडीआरडीएओ' मध्ये 'रीड-सीडी' ला 'रीड-रॉ' जोड. अख्खी चकती कच्च्या बिन फाइलमध्ये येईल. मग व्हीसीडीएक्सरिपला सीडीऐवजी ती बिन फाइल दे.

वाटेवरून जाणाऱ्या कुणाकडे ॲपलची यूएसबी सुपरड्राइव्ह असेल तर तिचं दुखणं वेगळं. लावल्यावर ती एका खास आज्ञेची वाट बघत बसते, सीडी आतच घेत नाही. 'एसजी३-युटिल्स' टाकून 'एसजी_रॉ' ने एसआर० ला 'ईए ०० ०० ०० ०० ०० ०१' पाठवा. दर वेळी लावल्यावर पाठवावी लागते, त्यासाठी युडेव्हचा (ड्राइव्ह लावली की आपोआप आज्ञा चालवणाऱ्या यंत्रणेचा) नियम लिहून ठेवा.

खारावारा | शनिवार, सकाळी १०.३०

वाचनखूण साठवली. गेल्याच महिन्यात मी एकाला 'ड्राइव्ह मेली' म्हणून परत पाठवलंय. ती सुपरड्राइव्हच होती.

कातळसडा | रविवार, रात्री ११.४०

मंडळी, शेवटचा अहवाल.

भाग १, २, ४ प्रत्येकी १५ मिनिटांच्या आत उतरले. भाग ३ ताईंनी सांगितल्याप्रमाणे धुतला. उजेडात कडेला दोन बारीक भोकं दिसली, पोटात गोळा आला. व्हीसीडीएक्सरिप ५२ व्या मिनिटाला अडकलं. मग सीडीआरडीएओ, वेग ४, दीड तास. मध्ये लाइट गेली, बॅटरी नाही, पहिल्यापासून परत. दुसऱ्या खेपेला पूर्ण झालं.

बाबांचा प्रवेश भाग ३ मध्येच आहे, ३१ व्या मिनिटाला. शेवटी शेवटी हिरवे चौकोन येतात, पण तोवर राजा रंगमंचावरून गेलेला असतो.

आज दुपारी बाबांना दाखवलं. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो होतो. त्यांनी अख्खा प्रवेश न बोलता पाहिला. मग म्हणाले, "पेटी काळी चारीत होती. मी पांढरी पाचात गात होतो. म्हणून घसा बसला दुसऱ्या दिवशी." आणि परत ३१ व्या मिनिटापासून लावायला सांगितलं. तीनदा.

राहिली १४ वी सीडी. तिच्यावर दादाने मार्करने 'महत्त्वाचे, फेकू नये' लिहिलंय. सगळ्यात जास्त काळजीने पुसून घातली. कोरी आहे. आयुष्यात कधी लिहिलेलीच नाही.

बांगडो | रविवार, रात्री ११.५२

मगे लिही तिच्यार. भाग ३ ची नक्कल मार आणि माका दी.

कातळसडा | सोमवार, सकाळी ६.३०

पेनड्राइव्ह घेऊन ये मेल्या.